तिनाच्या पुढे, पन्नासाच्या आत

२०२५ च्या गणेशोत्सवात आमचा पुतण्या जपानहून निपाणीस आला. नागोया शहरानजीकच्या एका कारखान्यात तो काही वर्षांपासून नोकरीस आहे. घरी येताना तो दरवेळी आईसाठी काही ना काही वस्तू आणतो. या खेपेस त्याने वडिलांसाठी, म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंसाठी, केवळ एक छायाचित्र आणले होते. त्यात एक इवलीशी मोटार उभी होती. आसने दोनच, छप्पर कापडाचे, आणि उंची अशी की उभ्या माणसाने हात खाली सोडला तर तो टपावर टेकावा. ती १९९१ सालची ‘होंडा बीट’ होती. आरतीनंतर प्रसादाचे ताट पुढे असतानाच पुतण्या म्हणाला, “काका, ही अण्णांना द्यायची आहे. पैशांचं मी बघतो, कागदपत्रांचं तुम्ही बघा.”

अण्णांनी निपाणीत चाळीसहून अधिक वर्षे गॅरेज चालवले. जावा, येझदी, राजदूत या फटफट्यांची इंजिने उतरवणे आणि जुळवणे हा त्यांचा हातखंडा. पुढे गाड्या बदलल्या, गिऱ्हाईक बदलले, आणि आता पाच वर्षे झाली, गॅरेजचे दार बंद आहे. लेथवर ताडपत्री आहे. त्यांचे वय एकाहत्तर. वहिनी म्हणतात, गॅरेज बंद झाल्यापासून हे माणूस घरात असूनही घरात नसल्यासारखे आहे. पुतण्याने छायाचित्र का आणले हे कोणी बोलून दाखवले नाही, तरी सर्वांस समजले होते.

आमचे सारे आयुष्य कचेरीत गेले. कागद वाचणे आम्हांस जमते, म्हणून आम्ही हे काम अंगावर घेतले. पुढील चार महिन्यांत जे समजले ते येथे मांडीत आहोत. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बंगळूर येथल्या आपल्या अनेक घरांतील मुले आज परदेशी आहेत, आणि असे एखादे छायाचित्र त्यांच्याही घरी केव्हा तरी येईल. हे नियम केंद्र सरकारचे असल्याने ते सर्व राज्यांस सारखेच लागू आहेत.

सत्तेचाळीस वर्षांची भिंत

प्रथम निराशेची गोष्ट. परदेशात वापरलेली मोटार सर्वसाधारण मार्गाने भारतात आणावयाची असेल, तर तिच्या निर्मितीस तीन वर्षांहून अधिक काळ झालेला चालत नाही. तिचे स्टीअरिंग उजवीकडे हवे. आयातीनंतर निदान पाच वर्षे ती रस्त्यावर चालण्याजोगी राहील, असा दाखला हवा. ती उतरवावयाची तीही मुंबईच्या सीमाशुल्क बंदरातूनच. जपानात आपल्याप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहने चालतात, त्यामुळे स्टीअरिंगची अट तेथील गाड्या आपोआप पुऱ्या करतात. अडते ते वयाशी.

या अटीमागील हेतू उघड आहे. श्रीमंत देशांनी टाकून दिलेल्या गाड्यांचा ढीग आपल्या बंदरांत येऊन पडू नये आणि येथील कारखान्यांचा बाजार बुडू नये, एवढाच तो हेतू, आणि त्यास कोणी नावे ठेवू नयेत. परंतु भंगार आणि जतन करण्याजोगी वस्तू यांत वयाचा हा नियम फरक करीत नाही.

दुसरे दार आहे ते ऐतिहासिक वाहनांचे. पूर्वी या दारावर एक ठरावीक तारीख लिहिलेली होती. १ जानेवारी १९५० पूर्वी बनलेल्या मोटारींनाच विंटेज म्हणून परवान्याविना आत येता येई. संस्थानिकांच्या काळातील रोल्स रॉइस, पॅकार्ड यांच्या जातीच्या गाड्यांस ते सोयीचे होते. कोल्हापूरच्या दसऱ्यात छत्रपतींची मेबॅक मोटार निघते तेव्हा ती पाहावयास आमच्या भागातील माणसे आजही जातात. विंटेज म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे तीच लांबलचक गाडी येते. जपानी स्पोर्ट्‌स मोटारीस मात्र या तारखेचा काडीचा उपयोग नव्हता. जपानने बनवलेली पहिली स्पोर्ट्‌स मोटार मानली जाते ती डॅटसन कंपनीची ‘डीसी-३’, आणि ती आली १९५२ साली. म्हणजे त्या नियमाखाली एकही जपानी स्पोर्ट्‌स मोटार कधीच बसली नसती.

२०२५ च्या आरंभी विदेश व्यापार महासंचालनालयाने ही ठरावीक तारीख काढून तिच्या जागी पन्नास वर्षांचे वय घातले. आता ज्या गाडीस पन्नास वर्षे पुरी झाली ती परवान्याविना आणता येते, आणि दरवर्षी एकेक नवे साल त्या यादीत येते. बदल एका वाक्याचा, पण त्याने १९५२ पासून १९७५ पर्यंतची सारी जपानी कारागिरी या दारापाशी आणून उभी केली.

आता हिशेब करावा. तीन वर्षांच्या आतील गाडी येऊ शकते. पन्नास वर्षांच्या पुढील गाडी येऊ शकते. मधली सत्तेचाळीस वर्षे ही भिंत आहे. पुतण्याची होंडा बीट १९९१ सालची, म्हणजे ती दाराशी पोहोचेल २०४१ साली. हे आम्ही अण्णांस सांगितले तेव्हा त्यांनी बोटांवर मोजले आणि म्हणाले, “तेव्हा मी सत्त्याऐंशी.” एवढेच बोलून ते उठून परसात गेले.

सीमाभागातील माणसास वाट पाहणे शिकवावे लागत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून आमची तिसरी पिढी वाट पाहत आहे. परंतु राज्याची वाट पाहणे वेगळे. तेथे एक पिढी गेली तरी दुसरी उभी राहते. एकाहत्तर वर्षांच्या मनुष्यास सोळा वर्षे थांबावयास सांगणे हे आम्हांस काही केल्या जमेना.

पन्नाशी ओलांडलेल्या लहान मोटारी

म्हणून बीटचा नाद सोडून आम्ही पुतण्यास लिहिले की, आता पन्नास वर्षांपलीकडचे पाहा. त्याने माहिती पाठवली ती वाचताना आमचा आम्हांलाच विषयाचा छंद लागला, हे कबूल करावयास हवे.

होंडा कंपनी मूळची फटफट्यांची. १९६० च्या सुमारास जपानच्या व्यापार व उद्योग खात्याने असा बेत केला की देशातील मोटारधंदा थोड्या मोठ्या कंपन्यांच्याच हाती ठेवावा आणि नव्यांस त्यात येऊ देऊ नये. तसे विधेयकही तयार झाले. सोइचिरो होंडा यांनी त्यास कडाडून विरोध केला, आणि कायदा होण्यापूर्वीच आपण मोटार बनवून मोकळे व्हावे या घाईने १९६३ साली एक लहान मालमोटार आणि ‘एस ५००’ ही दोन आसनी स्पोर्ट्‌स मोटार बाजारात आणली. पुढे ते विधेयक संसदेत मंजूर झालेच नाही. १९६४ साली ‘एस ६००’ आली आणि १९६६ साली ‘एस ८००’.

या गाड्यांचे इंजिन घड्याळजीने बनवल्यासारखे आहे. एस ६०० चे इंजिन अवघे ६०६ सीसीचे, पण त्यास चार सिलिंडर, चार कार्बुरेटर, वर दोन कॅमशाफ्ट, आणि मिनिटास ८,५०० फेऱ्यांवर ५७ अश्वशक्ती. मागील चाकांस शक्ती मिळते ती साखळीने, फटफटीस मिळते तशी. क्रँकशाफ्ट अखंड नव्हे, तुकडे दाबून जोडलेला, आणि त्यास रोलर बेअरिंग. हे वाचून दाखवताच अण्णा प्रथमच ताठ बसले. तुकड्यांचा क्रँक आणि रोलर बेअरिंग म्हणजे जावा-येझदीची रचना. त्यांच्या हाताखालून असे किती क्रँक गेले असतील याची गणती नाही.

टोयोटाची ‘स्पोर्ट्‌स ८००’ १९६५ ची. तिचे दोन सिलिंडर समोरासमोर आडवे, त्यांना हवेनेच गारवा मिळे, आणि गाडीचे वजन केवळ ५८० किलो. इंजिनाची शक्ती जेमतेम ४५ अश्वशक्ती. पण अंग हलके ठेवले तर थोड्या बळावरही चपळ धावता येते, हे त्या गाडीने दाखवून दिले.

तिसरी सुझुकीची ‘फ्रॉन्टे कूपे’, १९७१ ची. जपानात सर्वांत लहान मोटारींचा एक कायदेशीर वर्ग आहे, त्यास ‘केई’ म्हणतात. त्या वर्गात इंजिनाची मर्यादा १९७६ पर्यंत ३६० सीसी होती, नंतर ती ५५० झाली आणि १९९० पासून ६६०. फ्रॉन्टे कूपे त्या पहिल्या मर्यादेतील. इंजिन मागे, ३५६ सीसीचे, तीन सिलिंडर, टू-स्ट्रोक, ३७ अश्वशक्ती. वजन ४८० किलो. अण्णा म्हणाले, “म्हणजे एकेक सिलिंडर सव्वाशेच्या आतला. तीन लहान फटफट्याच की एका जागी बांधलेल्या!”

हीच सुझुकी कंपनी पुढे भारतात आली आणि डिसेंबर १९८३ मध्ये दिल्लीस मारुती ८०० ची पहिली किल्ली गिऱ्हाइकाच्या हाती पडली. आमच्या पिढीस जपानी लहान मोटार ठाऊक झाली ती तेव्हापासून. त्याआधी अँबॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड यांपुढे सामान्य घराची कल्पना जात नसे.

परंतु लहान मोटारीचे स्वप्न आमच्या मुलखास जपानने शिकवले असे मात्र नव्हे. निपाणीहून जवळच असलेल्या इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी या गृहस्थांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून स्वतःच्या बुद्धीने लहान मोटार घडवावयास घेतली. तिचे नाव ‘मीरा’. एकामागून एक नमुने त्यांनी केले, गाडी रस्त्यावर चालवून दाखवली, सामान्य माणसास परवडेल अशा किमतीचा हिशेब मांडला. पण उत्पादनाची सरकारी परवानगी त्यांच्या हाती पडली नाही, आणि १९७० च्या दशकात तो उद्योग थांबला. तिकडे परवानगीची दारे मिटण्याआधीच होंडा आत शिरले. इकडे शंकररावांपुढे ती उघडलीच नाहीत. अण्णांच्या पिढीतील प्रत्येक मिस्त्रीने मीराची गोष्ट ऐकली आहे, आणि बहुतेकांनी ती सांगताना एक सुस्काराही सोडला आहे.

पैसा आणि पाटी

आता खर्चाचे पाहू. वापरलेल्या मोटारीवरील मूळ सीमाशुल्क दीर्घकाळ १२५ टक्के होते आणि अधिभारासह ते १३७.५ टक्के होई. २०२५ च्या अर्थसंकल्पात मूळ शुल्काचा आकडा खाली आणून उरलेला भाग उपकरात घातला गेला. बेरीज तेवढीच राहिली. म्हणजे मोटारीची किंमत, जहाजाचे भाडे आणि विमा मिळून दहा लाख रुपये धरले, तर शुल्क पावणेचौदा लाख. झाले पावणेचोवीस लाख. त्यावर वस्तू व सेवा कर निराळा, आणि बंदरातील दलालाची दस्तुरी, गोदामाचे भाडे, मुंबईहून निपाणीपर्यंतचा ट्रक हे सारे त्याच्या वर. बिलावरील किंमत सीमाशुल्क खाते मान्य करीलच असेही नाही. ते आपल्या रीतीने मूल्य ठरवते. ज्या घरात हा विचार चालू असेल त्यांनी गाडीच्या किमतीच्या तिप्पट रक्कम मनात धरूनच पहिले पाऊल टाकावे. मुलाने पाठवलेला आकडा हा केवळ तिकडील आकडा असतो.

गाडी घरी आली म्हणजे नोंदणी. १५ जुलै २०२१ रोजी केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र व्यवस्था झाली. गाडी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, खाजगी वापराची आणि मूळ रूपात असली पाहिजे. चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. राज्याने नेमलेला अधिकारी व त्याची समिती गाडी तपासते. आयात केलेल्या गाडीसाठी सीमाशुल्काचे ‘बिल ऑफ एंट्री’ जोडावे लागते, म्हणून तो कागद जिवापाड जपावा. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षांची, आणि पुढील नोंदणीस पाच हजार.

या गाड्यांची पाटीही निराळी असते. आरंभी राज्याची दोन अक्षरे, मग विंटेजसाठी ‘व्हीए’, मग दोन अक्षरांची मालिका आणि चार अंक. तिच्यात जिल्ह्याचा क्रमांक नाही. निपाणीच्या गाडीवर चिक्कोडी कचेरीचा ‘केए २३’ असतो, बेळगावच्या गाडीवर ‘केए २२’, आणि कोल्हापूरकडून आलेल्या गाडीवर ‘एमएच ०९’. कोगनोळीच्या नाक्यावर उभे राहिले तर हे आकडे वाचूनच कोण कोठला ते आम्ही सांगतो. विंटेज पाटीवर तो आकडाच गळतो, राज्याची अक्षरे तेवढी राहतात. आमच्या मुलखात नेमकी तीच दोन अक्षरे वादाची आहेत, हे ध्यानात येऊन आम्ही दोघे भाऊ मनमुराद हसलो. फार दिवसांनी हसलो.

पण याच नियमांत एक वाक्य आहे, आणि घरातील मंडळींनी ते आधी वाचावे अशी आमची कळकळीची विनंती आहे. विंटेज म्हणून नोंदलेली गाडी नित्याच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, जुन्या मोटारींची फेरी, त्यासाठीचे जाणे-येणे, इंधन भरणे आणि देखभाल यांपुरतीच ती बाहेर निघू शकते.

वहिनींच्या मनात आंबोली होती. पावसाळ्यात टप उघडा टाकून आजऱ्याच्या वाटेने आंबोलीच्या धबधब्यापर्यंत जावे, असे त्या पुतण्यास बोललेल्या होत्या. हे वाक्य आम्ही त्यांस वाचून दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, “मग एवढे पैसे घालून दारात देव्हारा मांडायचा?” प्रश्न रास्त होता. ज्यांस सहलीसाठी गाडी हवी त्यांनी पन्नास वर्षांची जपानी गाडी आणू नये. सहलीस येथील कोणतीही मोटार पुरते, आणि तिला नित्याच्या वापराची मनाई नसते. विंटेज गाडी घेणाऱ्यास एक वस्तू सांभाळण्याचा हक्क मिळतो, तिच्यावर काम करण्याचा हक्क मिळतो. तो ज्यास हवा असेल त्यानेच या वाटेस जावे.

वहिनींच्या प्रश्नास अण्णांनी लगेच उत्तर दिले नाही. रात्री जेवताना ते म्हणाले, “मला कुठं जायचंय? मला ती उघडायची आहे.”

पत्र्याची पारख

तेव्हापासून घरातील वारे बदलले. अण्णांनी पुतण्यास फोनवरून प्रश्न विचारावयास आरंभ केला आणि आम्ही ते लिहून घेऊ लागलो. जपानात जुन्या गाड्या बहुधा लिलावात विकल्या जातात. प्रत्येक गाडीबरोबर परीक्षकाचा एक तक्ता असतो. त्यावर गाडीची आकृती आणि ठिकठिकाणी अक्षरे. ‘ए’ म्हणजे ओरखडा, ‘यू’ म्हणजे पोचा, ‘एस’ म्हणजे गंज, ‘सी’ म्हणजे गंजाने खाल्लेला पत्रा, ‘डब्ल्यू’ म्हणजे ठोकून सारखा केल्यावर राहिलेली लहर. गाडीच्या एकूण दर्जाच्या जागी अंकाऐवजी ‘आर’ असेल तर ती अपघातानंतर दुरुस्त झालेली समजावी. हा तक्ता वाचता आल्याविना बोली लावू नये.

अण्णांचा कटाक्ष एका गोष्टीवर आहे. इंजिनास ते भीत नाहीत. पिस्टन घासला तर बोअर करता येतो, बेअरिंग नव्याने बसवता येते. बेळगावच्या उद्यमबागेत ओतकाम आणि यंत्रकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. मोटारींचे क्रँकशाफ्ट तेथे घडवले जातात, हायड्रॉलिक यंत्रांसाठी ते गाव देशभर ठाऊक आहे. एखादा सुटा भाग जपानात मिळत नसेल, तर त्याचे माप घेऊन तो करून देणारे हात पाऊण तासाच्या, फार तर दीड तासाच्या अंतरावर आहेत. कोल्हापूर दुसऱ्या बाजूस आहेच. जुन्या गाडीस जे लागते ते आमच्या या पट्ट्यात आहे, आणि मोठ्या शहरांतील संग्राहकांस ते शोधत फिरावे लागते. मीरा घडली ती याच हातांच्या भरवशावर.

भीती आहे ती पत्र्याची. या गाड्यांचा पत्रा मुळातच पातळ. जपानच्या उत्तरेकडे हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यावर मीठसदृश क्षार टाकतात. त्या भागात वावरलेल्या गाडीचा तळ आतून पोकळ झालेला असतो आणि वरून रंग चकचकीत दिसतो. म्हणून अण्णांनी पुतण्यास चार कामे सांगितली. गाडीखाली शिरून तळाची आणि दाराखालच्या पट्टीची छायाचित्रे काढावी. पायाखालची सतरंजी उचलून पत्रा दाबून पाहावा. लहानसे लोहचुंबक फडक्यात गुंडाळून अंगावरून फिरवावे. जेथे ते धरत नाही तेथे पत्र्याच्या जागी लांबी भरलेली आहे. आणि चासीवरील क्रमांक कागदावरील क्रमांकाशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडावा, कारण त्यातील एका अंकाच्या चुकीने गाडी बंदरात अडकून पडते आणि भाडे चढत राहते.

आणखी एक गोष्ट इंधनाची. आपल्याकडे २०२५ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र मिळते. पन्नास वर्षांपूर्वीच्या रबरी नळ्या, वॉशर आणि कार्बुरेटरमधील पडदे यांस ते मानवत नाही. ते फुगतात, चिरतात आणि गळू लागतात. शिवाय इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते, त्यामुळे उभ्या राहिलेल्या गाडीची टाकी आतून गंजते. उपाय साधा आहे. गाडी चालू करण्यापूर्वीच सर्व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या बसवाव्या आणि महिनोन्‌महिने गाडी उभी ठेवावयाची असल्यास टाकी व कार्बुरेटर रिकामे करावे. ब्रेकचे सिलिंडर आणि त्यांतील रबर तर विचार न करता बदलून टाकावे. पन्नास वर्षांच्या रबरावर जीव टांगू नये.

आमचा निर्णय

दिवाळीनंतर पुतण्यास १९७२ सालची एक फ्रॉन्टे कूपे आढळली. रंग केशरी, इंजिन चालू, किंमत बेताची. वहिनींससुद्धा ती आवडली. तक्ता आला. अण्णांनी चष्मा लावून तो दिव्याखाली धरला. तळाच्या आकृतीवर दोन ठिकाणी ‘सी’ होता. पुतण्या म्हणाला की इकडचे लोक म्हणतात, एवढे चालते. अण्णा म्हणाले, “तिप्पट पैसे भरीन, पण खाल्लेल्या पत्र्यावर भरणार नाही. सोड ती.” पोरगे हिरमुसले. चार महिन्यांच्या खटपटीनंतर हाती आलेली गाडी सोडताना आमचेही मन खट्टू झाले. पण हा निर्णय करण्याचा अधिकार ज्यास होता त्यानेच तो केला होता, आणि किती तरी दिवसांनी त्या घरात निर्णय अण्णांनी केला होता.

दोन गोष्टी आम्ही आपसांत ठरवल्या आहेत, त्या वाचकांसही उपयोगी पडाव्या. पहिली ही की, शुल्क भरण्यासाठी घर किंवा शेत गहाण टाकावयाचे नाही. पुतण्याने बाजूस ठेवलेली रक्कम संपते तेथे ही हौस संपते. दुसरी ही की, २०२६ च्या दसऱ्यापर्यंत तळ शाबूत असलेली गाडी मिळाली नाही, तर विषय मिटवावयाचा आणि तोच पैसा येथे पडून असलेल्या एखाद्या जुन्या गाडीवर लावावयाचा. आपल्याच गावातील गोठ्यांत आणि वाड्यांच्या पडव्यांत किती तरी जुन्या फियाट आणि हेराल्ड धूळ खात उभ्या आहेत. त्यांवर ना सीमाशुल्क, ना जहाजाचे भाडे.

गेल्या आठवड्यात आम्ही सहज गॅरेजकडे गेलो, तो दार उघडे होते. ताडपत्री घडी करून कोपऱ्यात ठेवलेली. अण्णा लेथच्या पट्ट्या रॉकेलने पुसत होते, आणि शेजारच्या दुकानातील एक मुलगा बसून पाहत होता. “गाडी आली की काय?” आम्ही थट्टेने विचारले.

“यायची तेव्हा येईल,” ते म्हणाले, “हत्यारं तर तयार पाहिजेत.” मग त्या मुलाकडे वळून त्यांनी त्यास मायक्रोमीटर कसा धरावा ते दाखवले.

पुतण्याने दुसऱ्या एका गाडीच्या तळाची छायाचित्रे रविवारी पाठवतो असे कळवले आहे.